दारातली आत्या

आमच्या इमारतीची लिफ्ट फार हळू चालायची. शारजातल्या त्या जुन्या इमारतीत आम्ही सातव्या मजल्यावर राहत होतो आणि खालून वर पोचेपर्यंत बरोबरच्या माणसाचा अर्धा स्वभाव कळून जायचा. माझा मात्र कुणाला कळायचा नाही, कारण मी बोलायचीच नाही. शाळेत मास्तरांनी उभं करून नाव विचारलं की मी खाली बसायची. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा उभं राहायचा त्रासही सुटला. लिहायला मात्र लाज वाटत नाही. कागद तोंडाकडे बघत बसत नाही.

मी मुरूडकडची. आम्ही सिद्दी. आमचे वाडवडील आफ्रिकेतून जहाजाने आले एवढंच आमच्यात सगळ्यांना ठाऊक. कुठल्या बंदरातून आले, आपल्या मर्जीने आले की बांधून आणले, हे कुणी सांगत नाही, कारण कुणाला माहीत नाही. अंगाचा रंग आणि डोक्यावरचे कुरळे केस एवढी आठवण उरली. बाकी आमचं सगळं कोकणातलंच. भाषा मराठी, जेवण भात आणि कालवण, आणि भांडण आंब्याच्या फांदीवरून.

गावात याचं कुणाला नवल नव्हतं. शारजात आले आणि पंचाईत झाली. हिंदुस्थानातले लोक मला आफ्रिकेची समजायचे आणि आफ्रिकेतले लोक मला आपली समजायचे. कोपऱ्यावरच्या दुकानातला मलबारी माझ्यामागच्या बाईशी हिंदीत बोलायचा आणि माझ्याशी इंग्रजीत. मी एकदा धीर करून हिंदीत कांद्याचा भाव विचारला, तर तो खूश होऊन म्हणाला, "अरे वा! इतनी जल्दी हिंदी सीख लिया!"

नवव्या मजल्यावर पुण्याच्या एक बाई राहायच्या. त्यांचे यजमान मोठ्या ऑफिसात होते. बाईंबरोबर लिफ्टमध्ये बहुतेक त्यांची जाऊ असायची, आणि मी आत असले की त्या दोघी मनमोकळं मराठी बोलायच्या. मला कुठे कळणार?

"हसते गोड, नाही गं?" पुण्याच्या बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या.

"हो, पण ह्यांच्या घरून वास बघ कसला येतो. बोंबील भाजल्यासारखा."

"आफ्रिकेत पण मिळतात वाटतं बोंबील."

मला सांगायचं असायचं की बोंबील मुरूडचे आहेत, माझ्या आईने वाळवून पाठवलेत. पण शब्दांची जुळवाजुळव होईपर्यंत सातवा मजला यायचा. मी हसून उतरायची. मागून आवाज यायचा, "बघ, परत हसली. सालस आहे हो बिचारी."

आमच्या दारासमोर झांझिबारची शेजारीण राहायची. तिचा नवरा फुजैराच्या बंदरात कामाला होता आणि सुट्टीला घरी यायचा. ती माझ्याहून थोराड, आवाजाने तर फारच थोराड. तिला हिंदी येत होतं, पण ते सगळं सिनेमे बघून आलेलं. साधं काही तिला हिंदीत बोलताच यायचं नाही. कोथिंबीर संपली तरी दारात उभी राहून, छातीवर हात ठेवून म्हणायची, "भाभी, आज मेरी इज्जत तुम्हारे हाथ में है."

तिच्याकडे दार वाजवायची रीत नाही. दाराबाहेरून "होडी!" अशी हाक मारायची आणि आतून या म्हणेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा ती माझ्या दाराबाहेर "होडी, होडी" ओरडली, तेव्हा मी खिडकीतून खाली बघितलं. सातव्या मजल्यावर कुठून येणार होडी? आमचे हे म्हणाले, "अगं, दार उघड. एवढी ओरडते म्हणजे काय तरी बुडालं असेल."

तिला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी आफ्रिकेची नाही, रायगडातली आहे. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "ये आंखें झूठ नहीं बोल सकतीं," ती म्हणाली आणि तो विषय तिच्यापुरता मिटला. तळमजल्यावरच्या इथिओपियाच्या बाईला हे पटत नव्हतं. तिच्या मते माझं नाक इथिओपियाचं होतं. शुक्रवारी तिच्याकडे कॉफीला बसलो की दोघी माझी वाटणी करायच्या. नाक हिचं, केस तिचे, कपाळावर वाद. मी मधे बसून कॉफी प्यायची. मला कुणी विचारायचं नाही, आणि विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होते?

शेजारणीची मुलगी मात्र माझ्यासारखी, कमी बोलणारी. ती एका सुपरमार्केटमध्ये बिलिंगला बसायची आणि संध्याकाळी माझ्या मुलाचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायची. मुलगा तेव्हा पहिलीत होता. मी मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि आमच्या दोघांत काय बोलणं झालं ते ती पोरगी मला हिंदीत सांगायची. एके दिवशी तिने मलाच आधी सांगितलं, आईला नंतर. एक मुलगा रोज तिच्याच काउंटरला येतो. रोज एकच लिंबू घेतो. केनियाच्या किनाऱ्यावरचा, पण घरचे आता अजमानला राहतात.

"एवढ्या लिंबांचं काय करतो?" मी विचारलं.

"मालूम नहीं आंटी. लेकिन शादी करनी है."

लग्न ठरत आलं आणि तेवढ्यात मंदी आली. आधी क्रेन थांबल्या. मग इमारतीखाली धुळीने माखलेल्या गाड्या दिसू लागल्या, मालक विमानात बसून निघून गेलेले. आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबं सोफे विकून गेली. आमच्या ह्यांचा पगार अर्ध्यावर आला. हे म्हणायचे, "अर्धा तर अर्धा, निदान अख्खी नोकरी आहे." शेजारणीच्या नवऱ्याची तीही गेली. व्हिसा संपायच्या आत सगळ्यांना झांझिबारला परतायचं होतं. मुलीचं लग्न झालं तर ती इथे राहणार, नाही झालं तर आईबापांबरोबर जाणार. नवऱ्या मुलाची नोकरी अजून होती, पण अशा दिवसांत सोडून तिच्यामागे जाणं त्याला शक्य नव्हतं. एकदा ती गेली की लिंबाची गोष्ट तिथेच खलास.

आणि मुलाची आजी अडून बसली होती. ती त्या घरात सगळ्यात मोठी, तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. तिचं म्हणणं एवढंच, की मुलीच्या बाजूला माणसं दिसत नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी, की आधी दार, मग निकाह. नवरा वाजतगाजत मुलीच्या घरी जाणार, दारात मुलीची आत्या त्याला अडवणार, हटून बसणार, मनासारखं मिळाल्याशिवाय आत सोडणार नाही. मुलीला दारात उभी राहणारी आत्या नसेल, तर उद्या हिच्यासाठी कोण उभं राहणार? आजीचं हे बोलणं मला तर बरोबरच वाटलं होतं. खरी आत्या झांझिबारला होती आणि आता तिचं तिकीट काढणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं.

शेजारीण आमच्याकडे आली. होडी म्हणाली नाही, तेव्हाच मी समजले की काहीतरी गंभीर आहे.

"भाभी," ती म्हणाली, "आज मेरी इज्जत सचमुच तुम्हारे हाथ में है."

मला आत्या व्हायचं होतं. बोलायचं काहीच नव्हतं. टांझानियाची एक बाई, तिची मैत्रीण, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात शिवणाच्या फॅक्टरीत होती. ती माझ्या शेजारी उभी राहून सगळं बोलणार. मी फक्त चेहरा घेऊन उभी राहायची.

"तुला चेहरा येतो ना?" हे मला मराठीत म्हणाले. "मग जा. गप्प राहायला तुझ्यासारखी आत्या अख्ख्या अमिरातीत नाय मिळायची."

दार अडवणं मला नवं नव्हतं, हीच तर अडचण होती. आमच्याकडेही ते असतं, पण उलटं. नवरा नवरीला घेऊन घरी येतो तेव्हा नवऱ्याची बहीण दार अडवते. "तुझी पोरगी माझ्या पोराला देशील तर आत सोडते," असं म्हणते. पोरगी अजून व्हायची असते, पोरगाही व्हायचा असतो. भाऊ हो म्हणतो, सगळे हसतात आणि वरात आत येते. माझ्या भावाच्या लग्नात मी दारात उभी राहिले. त्याने विचारलं, "बोल, काय पाहिजे?" सगळी वरात माझ्याकडे बघायला लागली. मी मागच्या दाराने विहिरीकडे पळाले. भाऊ अजून फोनवर विचारतो, "काय गो, तुझं मागणं राहिलंच. सांगतेस का आता?"

लग्नाच्या दिवशी शेजारणीने इमारतीत उरलेल्या सगळ्यांना बोलावलं. बाजू भरलेली दिसायला हवी होती. इथिओपियाची बाई आली, तळमजल्यावरचा पाकिस्तानी शिंपी आला, आणि नवव्या मजल्यावरून पुण्याच्या बाई पैठणी नेसून, हातात व्हिडिओ कॅमेरा घेऊन आल्या. मला किटेंग्याचं, म्हणजे त्यांच्याकडचं रंगीत छापाचं, भारी कापड गुंडाळलं होतं, डोक्याला त्याचाच फेटा आणि खांद्यावर ओढणी. पुण्याच्या बाई कॅमेऱ्यातून बघून जावेला म्हणाल्या, "बघ, खरा पोशाख अंगावर आला की कशी शोभते. रोज बिचारी आपल्यासारखे ड्रेस घालते."

बोलणारी बाई आलीच नाही. फॅक्टरीतून निघाली होती, पण शारजाच्या रस्त्याला संध्याकाळी गाड्या चालत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. तिचा फोन आला, माझ्यापुढे दुपारी जो ट्रक होता तोच अजून आहे. तेवढ्यात खालून ढोल ऐकू आला. शेजारणीने क्षणभर डोळे मिटले, मग आपला मोबाइल स्पीकरवर टाकून माझ्या ओढणीत खुपसला. तिकडून ती बोलेल, इकडे मी ओठ हलवायचे. सिनेमात नट्या दुसऱ्याच्या आवाजात गातात, तसं.

वरात लिफ्टने आली. लिफ्टमध्ये माणसं मावायची मोजकी, म्हणून आधी ढोलवाले आले आणि बराच वेळ एकटेच वाजवत राहिले. मग काकवा आल्या. मग तिसऱ्या खेपेला आजी, काठी टेकत, आणि तिच्यामागे तो लिंबूवाला मुलगा. बिचाऱ्याच्या कानापासून घाम गळत होता. मी दारात दोन्ही हात पसरून उभी. आत, माझ्या पाठीमागे, ती पोरगी. तिने हळूच माझ्या कपड्याचं टोक पकडलं होतं.

आजीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मी ओठ उघडले. माझ्या ओढणीतून दणदणीत आवाज आला, "यल्ला! यल्ला! आगे बढ़ाओ ना!" आणि पाठोपाठ ट्रकचा हॉर्न.

आजी दोन पावलं मागे सरकली. मुलाने घाबरून थाळी पुढे केली. थाळीत नोटा होत्या, अत्तर होतं, खारका होत्या. ओढणीतून आणखी कुणाला तरी दिलेली एक अरबी शिवी आली, आणि मग टुंग असा आवाज होऊन फोनची बॅटरी मेली.

ढोलसुद्धा थांबला. मुलाने पुन्हा विचारलं, आणि त्याची भाषा मला येत नसली तरी काय विचारतोय ते कळलं. आत्या, तुला काय पाहिजे? अगदी माझ्या भावासारखंच विचारलं. सगळी वरात माझ्याकडे बघत होती. इथे विहीर नव्हती. मागे वळले असते तर त्या पोरीच्या अंगावर पडले असते. तिने कपडा एवढा घट्ट धरला होता की फेटाही हलला.

आणि इतकी वर्षं घशात राहिलेलं सगळं एकदम बाहेर आलं, मराठीतच.

"पोरगी पाहिजे!" मी ओरडले. "तुझी पोरगी माझ्या पोराला देशील तरच आत सोडते. नायतर नाय!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही पहिल्यांदाच कळलं. पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणाला वाटलं ही आफ्रिकेच्या आतल्या मुलखातली, कुठल्या तरी डोंगराकडची भाषा. मुलाच्या काकाने थाळीत आणखी नोटा ठेवल्या. मी मान हलवली, कारण मी मागितलं ते हे नव्हतंच. त्याने आणखी ठेवल्या. मी पुन्हा मान हलवली. आजीचा चेहरा बदलायला लागला. ती शेजारच्या काकूला कोपराने ढोसून काहीतरी म्हणाली. नंतर मला कळलं ते असं, "अशी आत्या हवी. हल्लीच्या बायका पहिल्या थाळीलाच विरघळतात."

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून किंकाळी आली.

"अगं बाई! ही तर मराठी बोलतेय!"

पुण्याच्या बाई पैठणी सावरत पुढे घुसल्या. "काय म्हणालीस? परत म्हण!"

"पोरगी पाहिजे म्हटलं," मी म्हणाले. "दार अडवलंय ना."

बाईंनी वरातीकडे वळून इंग्रजीत जाहीर केलं की हिला पैसे नकोत, हिला तुमची मुलगी हवी आहे. नवरा मुलगा रडकुंडीला आला. "मॅडम, मला मुलगी नाही! माझं लग्नच झालेलं नाही! त्यासाठीच तर आलोय!"

"होईल तेव्हा द्या म्हणतेय. आमच्याकडे असंच असतं."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"महाराष्ट्रात. इंडियात!"

आजीने काठी जमिनीवर आपटली. शेजारीण भिंतीला टेकून "या अल्लाह" म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला सिनेमातलं काही सुचलं नाही. माझ्या पाठीमागे ती पोरगी हुंदका गिळत होती. मला वाटलं, एक तोंड बंद ठेवायचं काम दिलं होतं, तेही मला जमलं नाही.

आजीने सरळ मलाच विचारलं. आजीचं बोलणं नातू इंग्रजीत सांगायचा, नातवाचं पुण्याच्या बाई मराठीत सांगायच्या, आणि मी दार न सोडता उत्तर द्यायची.

"म्हणे, तू आत्या नाहीस का?"

"नाय."

"हिंदुस्थानची आहेस?"

"हो."

"मग असा चेहरा तुला कुठून आला, विचारतायत." पुण्याच्या बाई थांबल्या आणि आपल्या मनाने म्हणाल्या, "खरंच, कुठून गं?"

"आमची माणसं तुमच्याकडून आली, आजी," मी म्हणाले. "जहाजाने."

"कोणत्या गावाहून?"

"ते कुणाला आठवत नाय."

"कधी?"

"तीनचारशे वर्षं झाली असतील म्हणतात."

हे आजीपर्यंत पोचायला वेळ लागला, कारण नातवाने बाईंना आकडा पुन्हा विचारला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. तोंडात दात फार नव्हते, पण होते तेवढे सगळे दिसले. ती नातवाला काठीने टोचून जे म्हणाली, ते पुण्याच्या बाईंनी मला सांगितलं.

"म्हणतायत, झांझिबारची आत्या एका तिकिटासाठी येऊ शकली नाही, आणि ही तीनचारशे वर्षं चालत येऊन वेळेवर दारात उभी आहे. मुलीला माणसं नाहीत असं कोण म्हणालं?"

तसं तीच म्हणाली होती, पण ते कुणी तिला सांगितलं नाही.

"आणि ह्याला म्हणतायत, मागणं ऐकलंस ना? मग उत्तर दे. ही बाई हलणार नाही."

मुलाने छातीवर हात ठेवून सगळ्यांसमोर कबूल केलं की पहिली मुलगी माझ्या मुलाला. मी हात खाली घेतले. ढोल सुरू झाला. माझ्या कपड्याचं टोक सुटलं आणि त्या पोरीने मागूनच मला मिठी मारली, तेव्हा फेटा एकदाचा पडला. इथिओपियाच्या बाईने तो उचलला आणि शेजारणीला म्हणाली, "जिद्द मात्र आमची."

निकाह झाला. जेवणं चालू असताना बोलणारी बाई घाम पुसत पोचली आणि दारात उभी राहून सगळं भाषण म्हणून दाखवल्याशिवाय जेवायला बसेना. तेही सगळ्यांनी ऐकून घेतलं.

पुण्याच्या बाई ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ भातच चिवडत होत्या.

"म्हणजे लिफ्टमध्ये... तुम्ही सगळं ऐकत होतात?" आता मी तुम्ही झाले होते.

"हो."

"बोंबलाचं पण?"

"हो."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जाऊ लांब आहे याची खात्री करून घेतली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आणता कुठून? आमच्या ह्यांना फार आवडतात हो. घरात सासूबाई आहेत म्हणून, नाहीतर..."

पुढे वर्षभर मी त्यांना भाजलेले बोंबील डब्यात घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून द्यायची. लिफ्टमध्ये आता त्या माझ्याशी इतकं बोलायच्या की सातवा मजला आला तरी दार धरून ठेवायच्या.

शेजारीण आणि तिचा नवरा महिनाअखेरीला गेले. जाताना ती छातीवर हात ठेवून पुष्कळ काही बोलायच्या तयारीत होती, पण टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून नुसतं "भाभी" म्हणाली. समोरच्या दाराला कुलूप लागलं. पुढे कितीतरी दिवस कोथिंबीर जास्तच आणली जायची माझ्याकडून.

मुलगी इथेच राहिली, अजमानला. मंदी ओसरल्यावर एका शुक्रवारी दाराबाहेरून हाक आली, "होडी!" आवाज बारीक होता, पण रीत तीच. मी धावत दार उघडलं. पोरगी, तिचा लिंबूवाला, मागे काठी टेकत आजी, आणि पोरीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. आजीने आत पाऊल टाकायच्या आधी माझ्या मुलाकडे काठी रोखली आणि नातसुनेला काहीतरी विचारलं. हाच का तो, असं असणार.

माझा मुलगा तेव्हा क्रिकेटची बॅट घेऊन खाली निघाला होता. मी त्याला थांबवून बाळ दाखवलं. त्याने वाकून नीट पाहिलं.

"मम्मी, शी हॅज नो टीथ," तो म्हणाला. "खलास? कॅन आय गो?"

आजी माझ्याकडे बघून हसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण बहुतेक सगळं कळलं असावं. मी दारातून बाजूला झाले आणि म्हटलं, "जा बाबा. तुला कोण अडवतंय?"